बॉब मार्लीच्या वस्तीतलं संग्रहालय: तिथे बघायचं तरी काय?

माझा मावसभाऊ टोरांटोला असतो. मागच्या हिवाळ्यात बायको-मुलांना घेऊन तो जमैकाला गेला होता. एका दुपारी किंग्स्टनहून त्याचा व्हॉट्सॲपवर फोन. "अरे, तू म्हणालास म्हणून इथे आलो. आणि आहे काय, तर एक खोली, एक खाट आणि अंगणात एक गंजलेली फोक्सवॅगन. यासाठी पोरांना समुद्रावरून उठवून आणलं मी?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. तो उभा होता ट्रेंचटाउन कल्चर यार्डमध्ये, म्हणजे जमैकाच्या रेगे संगीताचा गायक बॉब मार्ली जिथे वाढला, त्या वस्तीतल्या संग्रहालयात. तिथे नुसत्या डोळ्यांनी बघण्यासारखं खरंच फार नाही. खोली चिमुकली आहे. खाट एकट्या माणसाची आहे. गाडी मार्ली आणि त्याच्या साथीदारांची म्हणून दाखवतात, पण आता तिचा सांगाडाच उरलाय. मी त्याला एवढंच म्हटलं, "गाइडला विचार, सामाईक स्वयंपाकघर कुठे होतं. आधी तिथे जाऊन उभा राहा, मग बोलू."

नंतर अर्धा-पाऊण तास मी त्याला जे सांगितलं, ते जरा नीट मांडून इथे लिहितोय. रेगे ऐकणारे आपल्याकडे कमी नाहीत. गोव्यात समुद्रकाठच्या शॅकमध्ये बसलात तर भिंतीवरून मार्लीचा तो जटाधारी चेहरा तुमच्याकडे बघत असतोच, आणि 2016 पासून गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' नावाचा रेगे महोत्सवही होऊ लागला. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो ज्या वस्तीतून आला, ती मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि त्या वस्तीने आपलं संग्रहालय स्वतःच का मांडलं, हे तर त्याहून कमी जणांना.

आधी नाव, मग यार्ड

ट्रेंच म्हणजे चर किंवा खंदक. त्यामुळे तिथल्या सांडपाण्याच्या नाल्यावरून वस्तीला हे नाव पडलं असेल, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ट्रेंच हे एका जमीनदार घराण्याचं आडनाव. त्यांच्या मालकीच्या रानाला 'ट्रेंच पेन' म्हणत. जमैकात गुरं पाळण्याच्या रानाला पेन म्हणतात (आपल्या रायगडातल्या पेणशी काही संबंध नाही, मीही आधी दचकलो होतो). पुढे मळ्यांवरचं काम आटलं, खेड्यातली माणसं किंग्स्टनला आली आणि शहराच्या पश्चिमेच्या या मोकळ्या जागेत पत्रे, फळ्या ठोकून राहू लागली.

मग आलं 1938. त्या वर्षी जमैकात ब्रिटिश राजवटीविरुद्ध कामगारांचा मोठा उठाव झाला. फ्रोमच्या साखर कारखान्यावर गोळीबार झाला, किंग्स्टनच्या गोदीत संप झाला. इंग्रज सरकार हादरलं. लोक भडकलेत ते उपाशी आहेत म्हणून आणि धड छप्पर नाही म्हणून, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. त्या सुमारास सरकारने घरबांधणीसाठी एक यंत्रणा उभी केली, सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटी, आणि ट्रेंच पेनच्या जागेवर गरिबांसाठी घरं बांधायला घेतली. ट्रेंचटाउन ते हेच. रस्त्यांना नावं द्यायचीही कोणी तसदी घेतली नाही: फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, थर्ड स्ट्रीट असे आकडेच.

ही घरं कशी होती, ते समजलं की अर्धं संग्रहालय समजलं. मधे मोकळं अंगण. त्याच्या भोवतीने बैठ्या किंवा एकमजली पक्क्या खोल्यांची रांग. एका कुटुंबाला साधारण एक खोली. नळ अंगणात, सगळ्यांना मिळून. संडास-न्हाणीघर सामाईक. आणि स्वयंपाकाची जागाही सामाईक.

मुंबईकर वाचक म्हणेल, म्हणजे चाळच की! हो, पण एक फरक आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. आपल्या चाळीत नळ बाहेर, संडास गॅलरीच्या टोकाला, पण चूल खोलीच्या आत. भाताला कढ येतो तो दाराआड. कोणाकडे आज काय शिजलं, हे वासावरून कळतं, पण भांडं झाकलेलं राहतं. ट्रेंचटाउनच्या यार्डात ते झाकणही नव्हतं. चूल सगळ्यांच्या मधे. ज्याच्याकडे शिजवायला काही आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, ते दोघंही त्याच विस्तवापाशी बसलेले. रात्री खोलीत उकडतं म्हणून बाहेर बसायचं, आणि बाहेर बसायचं तर जाळापाशी. मग तिथे गप्पा आणि गाणी होणारच.

जमैकन माणूस घराला 'यार्ड'च म्हणतो. लंडनला किंवा न्यूयॉर्कला गेलेला माणूस आपल्या देशाबद्दलही 'यार्ड' म्हणूनच बोलतो, आपण 'गावाकडं' म्हणतो त्या सुरात. त्यामुळे 'कल्चर यार्ड' या नावात अंगण आलं, घर आलं आणि सगळा मुलूखही आला.

एका गाण्याचा पत्ता

'नो वुमन, नो क्राय' हे मार्लीचं गाणं ज्याला माहीत नाही असा रेगेप्रेमी नसेल. त्याच्या नावाचा अर्थ मात्र निम्मे लोक उलटा लावतात: बाई नाही तर रडणंही नाही. कॉलेजात आमच्या ग्रुपमधला एकजण प्रेमभंगानंतर महिनाभर याच अर्थाने ते गुणगुणत हिंडत होता. जमैकाच्या बोलीत, म्हणजे पात्वात, क्रियापदाआधीचा तो 'नो' आपल्या 'नको'चं काम करतो. म्हणजे, "नको गं बाई, रडू नकोस." आहे ती समजूत, आणि आपण तिची चेष्टा करून टाकली.

त्या गाण्यात ट्रेंचटाउनमधल्या 'गव्हर्न्मेंट यार्ड'चा उल्लेख येतो. बाहेरच्यांना ती कवीची प्रतिमा वाटते. ती पत्ता आहे. कोणी गाण्यात 'म्हाडाच्या चाळीत' म्हणावं, इतका साधा, सरकारी कागदावरचा पत्ता. रात्री पेटवलेला विस्तव, वाटून खाल्लेली मक्याच्या पिठाची पेज, हे गाण्यातलं सगळं त्या सामाईक चुलीपाशी घडलेलं. म्हणून मी मावसभावाला खाटेऐवजी आधी तिकडे पाठवलं.

आता त्या चुलीपाशी बसणारा माणूस. गाण्याच्या श्रेयात मार्लीचं नावच नाही. तिथे नाव आहे व्हिन्सेंट फोर्ड. वस्तीत त्याला 'टाटा' म्हणत. कल्चर यार्ड म्हणून आज आपण जे बघतो, त्या फर्स्ट स्ट्रीटवरच्या यार्डात टाटा राहायचा. मार्ली काही काळ तिथे राहिला आणि गिटारवर बोटं फिरवायला शिकला तोही तिथेच, टाटाच्या संगतीत. मधुमेहाने टाटाचे पाय गेले, तो चाकाच्या खुर्चीत आला, पण त्याची चूल चालू होती. उपाशी पोरांना तो खाऊ घालायचा. गाण्याचं मानधन त्याच्या नावावर गेलं आणि त्यावर ती चूल चालत राहिली, असं सांगतात. 2008 च्या डिसेंबरात तो गेला.

गाणं खरंच त्याने लिहिलं? याचा निकाल कोणी छातीठोकपणे लावू शकत नाही. एका संगीत-प्रकाशन कंपनीचं म्हणणं असं की, मार्लीचा आमच्याशी करार होता, त्यातून सुटण्यासाठी त्याने स्वतःची गाणी मित्रांच्या नावावर टाकली. प्रकरण कोर्टात गेलं. 2014 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने हक्कांच्या वादात त्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. पण कोर्ट हक्क कोणाकडे ते सांगतं. पहिली ओळ त्या रात्री कोणाच्या तोंडून निघाली, ते कोर्टाला तरी कुठून कळणार? मला विचाराल तर यार्डच्या रचनेतच याचं उत्तर आहे. जिथे चूलच वेगळी नाही, तिथे गाणं एकट्याचं कसं असेल?

सम रिकामी सोडणारं संगीत

मार्लीचा जन्म 6 फेब्रुवारी 1945 चा, सेंट ॲन भागातल्या नाइन माइल या डोंगराळ खेड्यातला. साधारण बारा वर्षांचा असताना आईबरोबर तो ट्रेंचटाउनला आला, सेकंड स्ट्रीटवर. बनी लिव्हिंग्स्टन हा त्याचा बालमित्र त्याच घरात. पुढे पीटर टॉश येऊन मिळाला आणि 1963 मध्ये 'वेलर्स' हा संच जमला.

पण त्यांना गायला शिकवलं कोणी? थर्ड स्ट्रीटवर जो हिग्ज नावाचा गायक राहायचा. स्वतः रेकॉर्ड काढलेला, नाव असलेला माणूस. संध्याकाळी तो आपल्या यार्डात पोरांना बसवून घ्यायचा. फी नाही. एक खालचा सूर धरेल, दुसरा मधला, तिसरा वरचा, आणि तिघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा, ही तालीम. वाद्यं विकत घ्यायची ऐपत कोणाची नव्हती. आवाजाला पैसे पडत नव्हते. त्या काळच्या जमैकन संगीतात तीन-चार आवाजांची गुंफण इतकी ठळक का, याची बरीचशी कारणं इथेच सापडतात. अमेरिकन रेडिओवरून येणारी कृष्णवर्णीय गायकांची गाणी, चर्चमधली भजनं, इथिओपियाच्या सम्राटाला देव मानणाऱ्या रस्ताफारी पंथाच्या लोकांचे ढोल, हे सगळं त्या अंगणात मिसळत होतं. वस्तीतल्या ॲम्बॅसेडर थिएटरात गाण्याच्या स्पर्धा व्हायच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तुम्ही तरलात, नाहीतर घरी. नावाजलेला गायक आल्टन एलिस इथलाच. मार्लीची पत्नी रीटा जन्माने क्यूबाची, पण वाढली याच वस्तीत. रस्ताफारींचा ज्येष्ठ पुढारी मॉर्टिमो प्लानो फिफ्थ स्ट्रीटवर राहायचा. 21 एप्रिल 1966 ला इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी किंग्स्टनला उतरला तेव्हा विमानाला एवढा गराडा पडला की सम्राट बाहेरच येईना, आणि अखेर गर्दीला बाजूला सारायला याच प्लानोला पुढे व्हावं लागलं.

आधी उडत्या चालीचा स्का, मग जरा संथ असा रॉकस्टेडी, आणि 1968 च्या सुमारास रेगे, असा तो प्रवास. रेगे कानाला वेगळा का लागतो, हे आपल्याला समजायला एकदम सोपं आहे, कारण आपण केरवा ऐकत मोठे झालोय. धा गे ना ती, न क धी न. आठ मात्रा. पहिलीवर सम, पाचवीवर खाली. आता दोन-दोन मात्रांचा एक ठोका धरा, म्हणजे चार ठोके झाले. रेगेमधल्या 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात ड्रमवाला पहिला ठोका चक्क सोडून देतो. सम रिकामी! पायाने वाजवायचा मोठा ड्रम पडतो तो तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे बरोबर आपल्या खालीच्या जागी. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला गिटार नुसतं 'चक्' करते. आपला कान समेवर वजन टाकायला जातो आणि तिथे जमीनच नसते. तो झुलल्यासारखा भास होतो तो त्यामुळे. मांडीवर हाताने करून बघा: एक मोकळा, दोन चक्, तीन धम्, चार चक्. दोन मिनिटांत मान आपोआप हलायला लागेल.

मग घरंच हत्यार झाली

ट्रेंचटाउनचं नाव बाहेर गेलं ते गाण्यांमुळे, आणि गोळीबारामुळेही. टॅक्सीवाला "तिकडे कशाला?" म्हणतो, त्याचं मूळ या दुसऱ्या गोष्टीत आहे. तिच्याबद्दल न सांगता नुसता विस्तव आणि गिटार सांगणं लबाडी होईल.

1962 मध्ये जमैका स्वतंत्र झाला. दोन मोठे पक्ष: जमैका लेबर पार्टी आणि पीपल्स नॅशनल पार्टी. पश्चिम किंग्स्टनच्या वस्त्यांत माणसं दाट, काम नाही, आणि पक्क्या घराची सगळ्यांना आस. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या हाती घरांचं वाटप. साठच्या दशकात बॅक-ओ-वॉल नावाची झोपडपट्टी बुलडोझरने सपाट केली गेली आणि तिथे टिव्होली गार्डन्स ही नवी वसाहत उभी राहिली. हे घडवणारे मंत्री एडवर्ड सीगा, लेबर पार्टीचे (राजकारणात येण्याआधी ते रेकॉर्ड कंपनी चालवत, हा त्या बेटाचा गमतीदार योग). सत्तरच्या दशकात सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली, आणि ट्रेंचटाउनला लागूनच आर्नेट गार्डन्स वाढलं, त्या पक्षाच्या माणसांसाठी. बोलीभाषेत त्याचं नाव 'जंगल'. समोरचं विल्टन गार्डन्स, म्हणजे 'रेमा', लेबरवाल्यांचं.

घर मिळालं ते मतामुळे, टिकवायचं तेही मतामुळे, आणि मत फुटू नये म्हणून पोरांच्या हातात बंदुका. अशा मतदारसंघांना जमैकात 'गॅरिसन', म्हणजे छावणी, असंच म्हणतात. एक रस्ता ओलांडला की शत्रूचा मुलूख. 22 एप्रिल 1978 ला मार्लीने एका मोठ्या शांतता-मैफलीत पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते सीगा यांना व्यासपीठावर बोलावून दोघांचे हात आपल्या हातात धरून उंचावले. तो फोटो जगभर गेला. दोन वर्षांनी, 1980 च्या निवडणुकीच्या वर्षात, सुमारे 800 माणसं मेली.

म्हणजे ज्या सरकारी घरबांधणीने माणसांना एका चुलीपाशी बसवलं, त्याच घरबांधणीने पुढच्या पिढीला गल्लीगल्लीत तोडलं. फर्स्ट स्ट्रीटवरचं ते यार्ड या दोन्हींचा पुरावा आहे. म्हणून मला ते साधंसुधं गायकाचं घर वाटत नाही.

वस्तीचं संग्रहालय म्हणजे नेमकं काय

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो घुमट, दगडी जिना, काचेच्या पेट्या आणि "हात लावू नये". वस्तू कुठून तरी आणलेल्या असतात. त्यांच्याबद्दल सांगतो तो अभ्यासक. ज्यांच्या त्या वस्तू होत्या, ती माणसं यात कुठेच नसतात.

याला वेगळी वाट पाडणारं एक जुनं उदाहरण म्हणजे वॉशिंग्टनमधलं ॲनाकॉस्टिया. 1967 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत, एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात, स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने शेजारपाजारच्यांसाठी एक छोटं संग्रहालय उघडलं. प्रमुख म्हणून नेमलेले जॉन किनार्ड हे वस्तीत काम करणारे पाद्री. लोकांना विचारलं, तुमच्या आयुष्यात मोठं काय आहे? उत्तर आलं: उंदीर. 1969 मध्ये तिथे उंदरांवर प्रदर्शन भरलं. हसू येतं, पण ज्या आईने रात्री पाळण्यापाशी काठी घेऊन जागरण केलंय, तिला विचारा संग्रहालयात काय ठेवायचं ते.

दुसरं, केपटाउनचं डिस्ट्रिक्ट सिक्स. वर्णद्वेषी सरकारने 1966 मध्ये तो भाग 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर केला आणि पुढे जवळपास 60,000 माणसांना उठवलं. 1994 मध्ये तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय सुरू झालं. जमिनीवर मोडलेल्या वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरला, आणि उठवलेली माणसं येऊन, वाकून, त्यावर आपल्या हाताने लिहू लागली: आमचं घर इथे होतं.

ट्रेंचटाउन याच कुळातलं. नव्वदच्या दशकात वस्तीतल्या माणसांनी एकत्र येऊन ट्रेंचटाउन डेव्हलपमेंट असोसिएशन काढली. 1993 मध्ये फर्स्ट स्ट्रीटवरच मुलांसाठी वाचनालय उघडलं होतं. 2000 साल उजाडेपर्यंत जगाची नजरही इकडे वळली होती. त्या फेब्रुवारीत ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स वस्तीत येऊन गेले आणि जटा लावलेली रंगीत टोपी घातलेला त्यांचा फोटो छापून आला. त्या सुमारास टाटाचं यार्ड डागडुजी करून कल्चर यार्ड म्हणून लोकांसाठी खुलं झालं होतं.

इथे एक गल्लत होते, ती सोडवतो. किंग्स्टनमध्ये 'बॉब मार्ली म्युझियम' वेगळं आहे. ते 56 होप रोडवर, शहराच्या सधन भागात. मार्लीने नाव कमावल्यावर राहायला घेतलेलं ते मोठं घर. 3 डिसेंबर 1976 ला तिथेच त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या मृत्यूनंतर (11 मे 1981, वय 36) रीटाने 1986 मध्ये त्या घराचं संग्रहालय केलं. नाइन माइलला त्याची समाधी आहे. होप रोडवर तुम्हाला यशस्वी माणूस दिसतो: सोनेरी तबकड्या, पोशाख, स्टुडिओ. क्रूझवरून येणारी गर्दी बहुतेक तिकडेच जाते, आणि एकच काही बघायचं असेल तर तेच बघा, असं सांगणारेही असतील. मी सांगणार नाही. तिथे एका माणसाची गोष्ट आहे. ट्रेंचटाउनमध्ये तो माणूस तयार कसा होतो, ते आहे.

आणि पैशाचाही प्रश्न आहेच. होप रोडचं तिकीट काढलं तर पैसे घराण्याच्या संस्थेकडे जातात. तो त्यांचा हक्क आहे. कल्चर यार्डात तिकिटाचे पैसे आणि गाइडची कमाई त्याच गल्लीत राहते, कारण गाइड तिथलाच. तो बोलत असतो तेव्हा पाठ केलेली माहिती आणि स्वतःच्या आजीची आठवण यांची सरमिसळ होते, सनावळ्या इकडेतिकडे होतात. अभ्यासकाला ते खटकेल. मला वाटतं, ती सरमिसळ हीच तिथली काचेत न ठेवलेली वस्तू आहे.

पण हे गरिबी बघायला जाणं झालं ना?

हा प्रश्न मावसभावाच्या बायकोने विचारला, आणि योग्य विचारला. धारावीत परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या सहली निघतात तेव्हा आपल्यालाही कुठेतरी बोचतं. आपल्या घरातून कोणी कॅमेरा घेऊन फिरलं तर?

माझ्या मते कसोटी सोपी आहे: बोलतंय कोण, आणि पैसे घेतंय कोण. बसच्या काचेतून वस्ती दाखवली, बाहेरच्या माणसाने माईकवरून सांगितलं आणि सगळे हॉटेलवर परतले, तर ती जत्रा झाली. वस्तीतल्या माणसाने स्वतः दार उघडलं, काय दाखवायचं आणि काय नाही ते त्याने ठरवलं, तर तुम्ही पाहुणे. यार्डाच्या आजूबाजूला आजही माणसं राहतात, धुणं वाळत घालतात, पोरं चेंडू खेळतात. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. दिवसाउजेडी जा, आधी कळवून जा, गाइडबरोबर जा, आणि तो म्हणेल "त्या गल्लीत नको," तर नको.

वासावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. 1845 ते 1917 या काळात साधारण 36,000 हिंदुस्थानी माणसं जमैकाच्या मळ्यांवर मजुरीच्या करारावर गेली, बहुतेक उत्तरेकडची. त्यांनी बरोबर नेलेला शब्द आज तिथल्या कायद्यातही जसाच्या तसा आहे: गांजा. रस्ताफारी तो धर्मविधी म्हणून ओढतात. 2015 पासून थोडा जवळ बाळगणं तिथे फौजदारी गुन्हा नाही, फार तर दंडाची पावती. तुमच्यासमोर कोणी धरलाच तर 'नको' पुरतं. मघाशी शिकलेला 'नो' तिथेही चालतो.

मावसभाऊ त्या दिवशी फोन ठेवून स्वयंपाकघराच्या जागेपाशी जाऊन आला. रात्री त्याचा मेसेज आला: "आजोळच्या मोरीएवढी जागा आहे रे. इथे एवढी माणसं बसायची?"

मार्चमध्ये तो भारतात आला, तेव्हा फोनमधले फोटो दाखवत बसला होता. त्याचे वडील, आमचे काका, दादरचे, आता ऐंशीला टेकलेले. रेगेशी त्यांचा दुरूनही संबंध नाही. ते पेपर वाचत होते. 'ट्रेंचटाउन' कानावर पडलं आणि त्यांनी चष्मा वर केला.

"ट्रेंचटाउन म्हणजे कॉली स्मिथचं ना?"

आम्ही दोघं गप्प. काका सुरू झाले. 1958-59 चा वेस्ट इंडीज क्रिकेट संघाचा भारत दौरा. काका तेव्हा शाळेत, कॉमेंट्री शेजाऱ्यांच्या रेडिओवर. त्या मालिकेत पाच कसोट्यांना आपले चार कप्तान झाले. उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड, अधिकारी. काकांनी चारही बोटांवर मोजले. गुप्तेने कानपूरला एका डावात नऊ घेतल्या, तरी हरलो. मालिका 3-0. आणि दिल्लीत स्मिथने शतक ठोकलं, वर दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. "काय हसरा माणूस होता म्हणतात! आणि सात-आठ महिन्यांत गेला रे. इंग्लंडमध्ये, मोटार अपघातात. गाडीत सोबर्स होता. सव्वीस वर्षांचं पोर."

मी शोधून बघितलं. काकांचं सगळं बरोबर. ओ'नील गॉर्डन 'कॉली' स्मिथ, 26 कसोटी, पदार्पणातच ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक. ट्रेंचटाउनमध्ये पाद्री ह्यू शेरलॉक यांनी 1940 मध्ये काढलेल्या 'बॉइज टाउन' संस्थेत खेळून वर आलेला. 9 सप्टेंबर 1959 ला तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला किंग्स्टनमध्ये हजारो माणसं लोटली. वस्तीला लागूनच्या मे पेन स्मशानभूमीत त्याला पुरलंय. आणि ट्रेंचटाउनमधून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं नाव आहे कॉली स्मिथ ड्राइव्ह.

"त्या रस्त्याने गेला असशील तू," मी म्हटलं.

मावसभाऊ फोनमध्ये मागे मागे जात राहिला. खाट, गाडी, भिंतीवरची चित्रं, पोरांचे कंटाळलेले चेहरे. मग टॅक्सीच्या खिडकीतून काढलेला एक हललेला फोटो सापडला. त्यात कोपऱ्यात रस्त्याची पाटी. काकांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी ती मोठी केली, आणि बराच वेळ परत दिला नाही.